समाधिपादातली वजाबाकी

आठ अंगांची शिडी आपल्याला तोंडपाठ असते. यमापासून चढायला लागायचं, आसन-प्राणायाम करत वर जायचं, सगळ्यात शेवटी समाधी. पण पतंजलींची योगसूत्रं उघडून बसलं की हा क्रम उलटा निघतो. चार पादांपैकी पहिलाच पाद समाधीचा, 51 सूत्रांचा. आठ अंगं येतात ती थेट दुसऱ्या पादाच्या उत्तरार्धात. जगभर आज ज्याला योग म्हणतात त्या आसनाच्या वाट्याला तर जेमतेम तीन सूत्रं आली आहेत, आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. या उलट्या मांडणीचा खुलासा भाष्यकार व्यासांनी केला आहे: पहिला पाद ज्यांचं चित्त आधीच स्थिरावलं आहे त्यांच्यासाठी, दुसरा ज्यांचं अजून भटकतं आहे त्यांच्यासाठी. म्हणजे आपण बहुतेक सगळे दुसऱ्या पादाचे वाचक. तरीही मी पुन्हा पुन्हा वाचतो तो पहिलाच, आणि साधनेपेक्षा त्यातल्या कारागिरीसाठी अधिक.

समाधीबद्दल बोलायचं झालं की माणूस बेरीज करू लागतो. प्रकाश दिसला, नाद ऐकू आला, अंगावर रोमांच उभे राहिले, शांती मिळाली. पतंजली वजाबाकी करतात. कोणत्या पायरीवर काय मिळतं यापेक्षा कोणत्या पायरीवर काय गळतं, हे त्यांचं सांगणं आहे, आणि पायऱ्यांची नावंही त्यांनी त्यावरूनच पाडली आहेत.

सतरावं सूत्र घ्या. संप्रज्ञात समाधी, म्हणजे ज्यात काहीतरी जाणलं जातं अशी समाधी, चार गोष्टींनी युक्त असते असं ते सांगतं: वितर्क, विचार, आनंद आणि अस्मिता. नुसतं सूत्र वाचलं तर ही चार प्रकारांची यादी वाटते. व्यास तिची उतरंड करून दाखवतात. पहिल्या पायरीवर चारही असतात. दुसरीवर वितर्क गळतो आणि तीन उरतात. तिसरीवर विचारही जातो, मग आनंद आणि अस्मिता एवढी दोनच राहतात. चौथीवर आनंद जातो आणि उरते ती निव्वळ अस्मिता, 'आहे' एवढीच एकसंध जाणीव. एका ओळीच्या सूत्रात ही सगळी घसरण दडली आहे, आणि भाष्य हाताशी नसेल तर ती दिसत नाही. सूत्रं आणि भाष्य एकाच हातचं असावं असं काही अभ्यासक मानतात. इथे ते मत पटावंसं वाटतं.

या उतरंडीत मला खिळवून ठेवते ती तिसऱ्या पायरीवरून चौथीवर जातानाची वजाबाकी. आनंद कुठे बसवला आहे पाहा. शिखरावर नाही, मधल्या मुक्कामावर. पहिल्या पायरीपासून तो सोबत आहे, तिसरीवर मोकळा उभा राहतो, आणि चौथीवर त्याला खाली ठेवावं लागतं. आपल्या बोलण्यात समाधी आणि आनंद हे जवळजवळ समानार्थी झाले आहेत. चांगला मारवा ऐकला की 'समाधी लागली' म्हणतो, 'ब्रह्मानंदी टाळी' लागते ती पुरणपोळीच्या पंगतीतसुद्धा. असं म्हणायला हरकत काहीच नाही. पण पतंजलींच्या हिशेबात ती टाळी लागली तरी वाट संपत नाही.

हा आनंद नेमका कशाचा, यावर टीकाकारांचं एकमत नाही. वाचस्पती मिश्र त्याचा संबंध इंद्रियांशी, जाणण्याच्या साधनांशी लावतात: ध्येय वस्तूवरून लक्ष मागे सरकतं आणि जाणण्याच्या क्रियेवरच स्थिर होतं, तेव्हाचा तो आनंद. सोळाव्या शतकातले विज्ञानभिक्षू हे मानायला तयार नाहीत. वाचस्पती वितर्क-विचारांप्रमाणे आनंद आणि अस्मिता यांचेही 'सह' आणि 'रहित' असे दोन दोन प्रकार पाडून आठ समापत्ती, म्हणजे चित्त विषयाशी एकरूप होण्याचे आठ प्रकार, मोजतात, विज्ञानभिक्षू सहावर थांबतात. मला या भांडणात सहाचा पक्ष बरा वाटतो. आठाचा हिशेब नीटनेटका आहे खरा, पण तो नीटनेटका करण्याच्या हौसेपायीच केलेला वाटतो. सूत्रात त्याला आधार तोकडा आहे.

पण या पादाचा खरा गाभा 41 ते 44 या चार सूत्रांत आहे. ज्याच्या वृत्ती क्षीण झाल्या आहेत असं चित्त उंची जातीच्या मण्यासारखं होतं, अशी तिथे उपमा आहे. शेजारी जास्वंद ठेवलं तर स्फटिक तांबडा दिसतो, तसं चित्त ज्याच्याजवळ जाईल त्याच्या रंगाचं होतं. मग ती बाहेरची वस्तू असो, जाणण्याचं साधन असो की जाणणारा असो. उपमा जुनीच, संस्कृतात शंभर ठिकाणी सापडेल. एरवी ती माणसाच्या भ्रमासाठी वापरतात: स्फटिक तांबडा नाही, तुला उगाच तसा दिसतो. पतंजली त्याच स्फटिकाला चित्ताचं सर्वोच्च कौशल्य मानतात. रंग घेता येणं हा दोष उरत नाही, कारण स्वतःचा रंग मध्ये येईनासा झालेला असतो.

आणि लगेच पुढच्या सूत्रात ते सांगतात, थांबा, हा मणी अजून पुरता स्वच्छ झालेला नाही. इथे व्यासांनी दिलेला दाखला गायीचा आहे. 'गाय' हा शब्द, गाय हा प्राणी आणि गाय हे ज्ञान, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द कंठातून निघतो, कानावर पडतो आणि विरतो. प्राण्याला शिंगं आहेत, पोळी आहे, तो गोठ्यात रवंथ करतो. ज्ञानाला ना शिंगं ना आवाज, ते चित्तात उमटतं. तिन्हींचे मार्ग निराळे, पण आपण कधीच त्यांना निराळं करत नाही. गाय पाहिली की नाव, वस्तू आणि समज एकाच गाठोड्यात हाती येतात. ध्यानातही हे गाठोडं तसंच राहिलं तर ती सवितर्का समापत्ती. लक्ष एकाग्र झालेलं आहे, बाहेरचं काही ऐकू येत नाही, तरी आत शब्दांची सरमिसळ चालूच आहे.

हे जरा जवळून पाहायला मराठी उदाहरण घेतो. समजा कोणी विठोबाच्या मूर्तीवर चित्त लावलं आहे. वाचस्पतीही सुरुवात अशाच स्थूल रूपावर करायला सांगतात. नवशिका धनुर्धर आधी मोठं लक्ष्य भेदतो, मग बारीक, असं त्यांचं म्हणणं. तर समोर काळा पाषाण, कमरेवर हात, विटेवर जुळलेली पावलं. पण नुसतं एवढंच समोर येतं का? 'विठ्ठल' हे नाव येतं. नावाबरोबर अभंग येतात, टाळ येतात, आषाढीची गर्दी येते, आजोबांच्या कपाळावरचा बुक्का येतो. ही मूर्ती अमुकाची आहे हे ज्ञान येतं. हे सगळं मिळून सवितर्क. आता यातलं नाव गळालं, आठवणी गळाल्या, 'मी विठोबाचं ध्यान करतो आहे' ही समजही गळाली, आणि ते रूप तेवढं उरलं, असं झालं तर ती निर्वितर्क. स्मृती धुतली गेल्यावर चित्त जणू स्वतःचं रूपच हरवून बसतं आणि फक्त वस्तू झळकते, असं त्रेचाळिसावं सूत्र सांगतं. त्यातला 'जणू' सोडून चालणार नाही. चित्त नाहीसं झालं असा दावा पतंजली करत नाहीत; ते मध्ये लुडबुडत नाही, इतकंच.

वारकरी इथे अडेल, आणि त्याचं अडणं खोटं नाही. नाम गळायचं असेल तर मग राहिलं काय? आपली सगळी परंपरा नामाला धरून उभी आहे. पतंजलींनाही याची जाण असावी, कारण याच पादात आधी प्रणवाचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना ही वाट त्यांनी देऊन ठेवली आहे. ध्यानासाठी काय घ्यावं याबाबतीत तर ते कमालीचे उदार आहेत: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या भावना घ्या, श्वास घ्या, स्वप्नात किंवा निद्रेत मिळालेलं ज्ञान घ्या, आणि यांतलं काही नको असेल तर जे आवडेल ते घ्या. एवढ्या काटेकोर लेखकाने 'जे आवडेल ते' म्हणावं याची मला नेहमी गंमत वाटते. पण आत शिरताना उदार असलेला हा लेखक आत शिरल्यावर कोणालाच सवलत देत नाही. विठोबा असो वा दिव्याची ज्योत, त्यावर चिकटलेला शब्द पुढे सोडावाच लागतो.

यानंतर स्थूलाच्या जागी सूक्ष्म येतं आणि हीच वजाबाकी पुन्हा होते. देश, काळ, कारण यांच्या चौकटीत सूक्ष्म विषय दिसतो तोवर सविचारा, ती चौकट सुटली की निर्विचारा. सांख्यांची तत्त्वं इथे उतरंडीने खाली जातात, तन्मात्रांपासून, म्हणजे स्थूल भूतांमागच्या सूक्ष्म घटकांपासून, थेट अव्यक्त प्रकृतीपर्यंत. खरं सांगायचं तर हा भाग वाचताना माझी गोडी थोडी कमी होते. गायीचं उदाहरण आपल्याला पडताळून पाहता येतं, तन्मात्रांचं येत नाही. तिथे सांख्यदर्शनाच्या नकाशावर विश्वास ठेवून चालावं लागतं.

पण निर्विचारेच्या शेवटी जे येतं त्यासाठी हा रुक्ष पट्टा ओलांडावा. तिथे चित्ताला जी स्वच्छता येते तिच्यातून ऋतंभरा प्रज्ञा उपजते, सत्य धारण करणारी. आता सूत्रकारांनी थोडं तरी वर्णन करावं, एखादी उपमा द्यावी, असं वाचकाला वाटतं. ते काय करतात? पुढच्याच सूत्रात प्रमाणशास्त्राचा मुद्दा काढतात. ऐकीव ज्ञान आणि अनुमान यांना सामान्यच कळतं. धूर दिसला म्हणून अग्नी आहे एवढं अनुमान सांगेल, पण हाच अग्नी, असाच, हे ते सांगू शकत नाही. शास्त्रवचनाचंही तेच, शब्दाने जातीचा बोध होतो, व्यक्तीचा नाही. ऋतंभरा प्रज्ञेला मात्र विशेष कळतो, ही समोरची एकच एक वस्तू. म्हणजे शब्द का गळायला हवा होता याचं कारण सात सूत्रांनंतर मिळालं. शब्द गळाला नसता तर चित्त गायीच्या जातीशी अडकून राहिलं असतं, समोरच्या गायीपर्यंत पोचलंच नसतं. ज्या वाक्यरचनेकडे आपण कोरडी म्हणून पाहत होतो तिच्यात केवढं बांधकाम आहे हे इथे कळतं. समाधी म्हणजे जगाकडे पाठ, असं समजणाऱ्यांनीही हे सूत्र वाचावं. निदान या टप्प्यावर तरी ती वस्तूच्या अधिक जवळ नेते.

मग अखेरची वजाबाकी. या प्रज्ञेचा जो संस्कार चित्तावर होतो तो बाकीच्या सगळ्या संस्कारांना अडवतो. इतकं झाल्यावर कोणीही लेखक थांबला असता. एकावन्नावं सूत्र सांगतं की तोही संस्कार थांबला म्हणजे सगळंच थांबतं, आणि ती निर्बीज समाधी. सत्य धारण करणारी प्रज्ञासुद्धा सोडायची. पाद इथेच संपतो. निर्बीज समाधीत काय वाटतं, काय दिसतं, याबद्दल एक अक्षर नाही. वर्णन करायला कोणी उरलेलं नसतं असा युक्तिवाद टीकाकार करतात, पण मला यात लेखकाचा संयमही दिसतो. सूत्र या प्रकाराला शब्द कमी करण्याची आवड असतेच. इथे विषय आणि प्रकार यांची अशी गाठ पडली आहे की जसजशी पायरी चढावी तसतसं सांगण्यासारखं कमी होत जातं.

याच विषयावर ज्ञानदेव कसे बोलतात ते शेजारी ठेवून पाहिलं तर फरक डोळ्यांत भरतो. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिच्या सहाव्या अध्यायात गीतेच्या मोजक्या श्लोकांच्या निमित्ताने कुंडलिनीच्या जागृतीचं जे वर्णन येतं ते गीतेत नाही, नाथपंथाच्या घरचं आहे. तिथे योग्याची कांती बदलते, नखं आणि दात नव्याने येतात, देहच दुसरा होतो. ओव्यांमागून ओव्या, उपमेवर उपमा. शेवटी वाणी मागे फिरते हे ज्ञानदेवही सांगतात, पण ते भरभरून बोलून झाल्यावर. पतंजली आधीपासूनच कमी बोलतात. मराठी वाचकाला स्वभावतः ज्ञानदेव जवळचे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ज्ञानेश्वरीतली देहाची ती दीप्ती मनात घेऊन योगसूत्रं वाचायला घेतली तर हाती निराशा येते. इथे देह केव्हाच मागे पडलेला असतो. आळंदीच्या संजीवन समाधीमुळे आपल्या कानाला समाधी 'घेणं' जास्त ओळखीचं आहे; पतंजलींच्या योग्याची समाधी लागते आणि उतरतेही, आणि उतरल्यानंतरच्या अवस्थेसाठी त्यांच्याकडे 'व्युत्थान' हा शब्द तयार आहे.

दुसरी तुलना बौद्धांची. त्यांच्या पहिल्या ध्यानात वितर्क, विचार, प्रीती, सुख आणि एकाग्रता ही पाच अंगं असतात. पुढे वितर्क-विचार जातात, मग प्रीती जाते, चौथ्यात सुखही जाऊन उपेक्षा उरते. पतंजलींची वजाबाकी या मांडणीच्या किती जवळची आहे हे वेगळं सांगायला नको. मैत्री-करुणेची चौकडी दोघांकडे आहे. श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा हे पंचकही दोघांकडे आहे. कोणी कोणाचं घेतलं यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला त्यातून एवढंच दिसतं की या देशात ध्यानाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या दोन परंपरांना, आत्म्याबद्दल कट्टर मतभेद असूनही, आनंद हा मधला मुक्काम आहे हे एकसारखंच आढळलं. ही साक्ष मोठी आहे.

मुक्कामावर रेंगाळण्याचा धोका सूत्रकारांनी आणि भाष्यकारांनी नीट ओळखला होता. प्रकृतीत लीन झालेल्यांचा उल्लेख एकोणिसाव्या सूत्रात येतो. व्यास म्हणतात, त्यांना कैवल्यासारखीच अवस्था भोगायला मिळते, पण चित्ताचं काम उरलेलं असल्याने ती संपते आणि त्यांना परतावं लागतं. तिसऱ्या पादात, म्हणजे विभूतिपादात, सिद्धींची लांबलचक यादी आहे, आणि तिच्या मध्येच एक सूत्र ठणकावतं की या सगळ्या समाधीतले अडथळे आहेत. विभूतिपादावर लोकांच्या उड्या पडतात. हे सूत्र बहुधा उडीखाली जातं. त्याच पादात पुढे स्वर्गातल्या देवांचं निमंत्रण येतं. व्यासांनी तो प्रसंग रंगवून लिहिला आहे: या, इथे बसा, हे रसायन जरामरण दूर करतं, हे विमान, हा कल्पवृक्ष, या अप्सरा. आणि सूत्राचा सल्ला दुहेरी आहे. मोह धरू नये हे तर झालंच. देवांनी मला बोलावलं याचा ताठाही धरू नये. दुसरा भाग लिहिणाऱ्याने माणसं चांगली पाहिली असली पाहिजेत.

चौथ्या पादाच्या अखेरीस धर्ममेघ समाधी येते ती याच सुराला धरून. सर्वोच्च विवेकज्ञान हाती आल्यावरही जो 'अकुसीद' राहतो त्याला ती लाभते. कुसीद म्हणजे सावकारी, व्याजबट्टा. ज्ञानाचं भांडवल जमलं तरी त्यावर व्याज खाऊ नये, त्यातून आणखी काही निघेल ही अपेक्षा ठेवू नये. मोक्षशास्त्राच्या शेवटाला लेखकाने सावकाराच्या चोपडीतली संज्ञा आणून ठेवली आहे, आणि तिच्याइतकी नेमकी दुसरी कोणती सुचत नाही.

उणिवा नाहीत असं नाही. किती काळात काय व्हावं, कोणत्या खुणेवरून पायरी ओळखावी, चुकल्यास कोणाला विचारावं, याबद्दल समाधिपाद जवळजवळ मूक आहे. साधकाने एकट्याने हे पुस्तक समोर ठेवून बसावं असं मी कोणालाही सांगणार नाही. वाचायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. अकराव्या शतकात अल बिरुनीने पतंजलींचा ग्रंथ टीकेसह अरबीत नेला, त्याच शतकात भोजराजाने राजमार्तंड ही टीका लिहिली, 1896 मध्ये विवेकानंदांचा राजयोग निघाला. मराठीत कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं 'भारतीय मानसशास्त्र अथवा सार्थ आणि सविवरण पातंजल योगदर्शन' आहे. ग्रंथ जाडजूड आहे, भाषा जुन्या वळणाची आहे, पण सूत्र, अर्थ आणि विवरण सगळं एका जागी मिळतं. गावातल्या जुन्या वाचनालयात चौकशी करावी. आणि पहिल्या सूत्रापासून सुरुवात करू नये. व्याख्यांतच दम निघतो. आधी पहिल्या पादातली 41 ते 51 ही अकरा सूत्रं विवरणासह वाचावीत, मग मागे वळून सतरावं, आणि बाकीचं नंतर सवडीने.